दूरस्थ विद्यार्थी आणि शिक्षकाचा शेरा

१८४० साली इंग्लंडात एक पेनीचे टपाल सुरू झाले आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी आपल्या लघुलिपीचे धडे टपालाने धाडण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्याने नेमून दिलेला उतारा लघुलिपीत उतरवून परत पाठवावा आणि त्यातील चुका दुरुस्त होऊन तो त्याच्याकडे पुन्हा रवाना व्हावा, असा शिरस्ता होता. धडा छापील पुस्तकातूनही मिळाला असता. परंतु स्वतःच्या हातची चूक दुरुस्त होऊन परत येणे, हे कोणत्याही पुस्तकाला साधणारे नव्हते.

आज टपालाची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली, तरी वर्गातील शिक्षकाला विद्यार्थ्याच्या मुद्रेवरून जे उमगते, ते दूरस्थ शिक्षकाला उमगत नाही, आणि विद्यार्थ्यालाही शिक्षक भेटतो तो बहुधा स्वाध्यायावरील शेऱ्यातूनच. म्हणून त्या चार ओळींचे मोल फार. मात्र प्रत्येक शेरा उपकारकच ठरतो, असे नाही. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ साली अनेक प्रयोगांतील ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा सरासरीने अभिप्रायाचा लाभ दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी खालावलीच होती. शेऱ्यामुळे लक्ष कामावरून ढळून स्वतःच्या योग्यतेकडे वळले की हानी होते, अशी त्यांची उपपत्ती आहे. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोगही याच दिशेने बोट दाखवितो: ज्यांना केवळ अभिप्राय मिळाला त्यांची प्रगती झाली; अभिप्रायासोबत गुणही मिळाले, तेथे तो लाभ उरला नाही.

समजा, सांख्यिकीच्या एका विद्यार्थ्याने ४० ते ७० या दरम्यानच्या गुणांचे प्रमाण विचलन ६४ असे काढले. त्यावर ‘उत्तर चूक, अभ्यास वाढवावा’ असा शेरा मारणे सोपे आहे, आणि व्यर्थही. ‘विचरणापर्यंतची आकडेमोड निर्दोष आहे, वर्गमूळ घ्यावयाचे राहिले, शिवाय सर्व गुण तीसच्या अंतरात सामावलेले असताना विचलन ६४ संभवते काय, हे ताडून पाहा’ असे लिहिले, तर विद्यार्थी ८ या उत्तराशी तर पोहोचतोच, पण पुढच्या खेपेस स्वतःचे उत्तर स्वतः पारखण्याची रीतही त्याच्या हाती येते.

असा शेरा पुढील स्वाध्यायाच्या मुदतीपूर्वी पोहोचला पाहिजे, हे उघड आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात शिक्षकांनी तपासलेल्या स्वाध्यायांपैकी काहींवरील शेरे अन्य अनुभवी शिक्षक पुन्हा तपासतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासह आपल्या सर्व दूरशिक्षण संस्थांनी याहून एक पाऊल पुढे टाकावे, असे मला मनापासून वाटते: अभिप्राय आधी द्यावा, गुण दोन दिवसांनी कळवावेत, आणि शेरा लिहिण्यास लागणारा वेळ शिक्षकाच्या मानधनात स्वतंत्रपणे धरावा.