आज्ञापालनाची किंमत

परभणीजवळच्या पेडगावसारख्या कोरडवाहू मुलुखातील वडीलधाऱ्यांना दुष्काळाचे वर्णन ऐकवावे लागत नाही. १९७२ साली मराठवाड्याने खडी फोडून दिवस काढले. त्याच्या पाऊणशे वर्षे आधी, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात जो दुष्काळ पडला, तेव्हाही सरकारी कामे होती, अन्नछत्रे होती. नव्हते ते निराधार विधवांना व पोरक्या मुलींना संरक्षण. पंडिता रमाबाई तिकडे गेल्या त्या या मुलींसाठी.

ख्रिस्ती धर्मात ईश्वरावरील प्रीतीची कसोटी भावनेच्या उमाळ्यात नसून आज्ञापालनात आहे, असे योहानाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. आज्ञापालन हा शब्द मात्र फसवा आहे. आज्ञा नेमकी कोणाची, हा प्रश्न त्यात दडलेला असतो. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी तेथील धर्मभगिनींशी जो दीर्घ वाद घातला, तो याच प्रश्नावर. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या स्वाधीन होण्याची त्यांची तयारी नव्हती. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना त्यांचे आज्ञापालन धर्माधिकाऱ्यांना अवज्ञाच वाटले असेल, यात नवल वाटत नाही.

या निष्ठेची किंमत त्यांना स्वदेशातही द्यावी लागली. शारदासदनात धर्मांतराचा आग्रह नसेल, असे आश्वासन होते. पण मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही दुरावले. पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा संशय सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. मात्र सदन नसते तर त्या विधवांना शिक्षण कोणी दिले असते, याचे उत्तर त्यांच्यापैकी फार थोड्यांपाशी होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने १८९७ चा निर्णय अव्यवहार्यच होता. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दिलेल्या दहा वर्षांच्या साहाय्याची मुदत संपत आली होती. सदनाची मूळ योजना उच्चवर्णीय विधवांपुरती होती. अशा वेळी जातिपातीचा विचार न करता सुमारे तीनशे स्त्रिया व मुली आणावयाच्या, म्हणजे हिशेबाची वही मिटूनच टाकावयाची. पण रमाबाईंपाशी दुसरा हिशेब होता. १८७४ च्या दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नान्न करीत गेले होते. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा त्यांच्या लेखी प्रवचनाचा विषय राहिली नव्हती. केडगावच्या माळरानावर मुक्तिसदन उभे राहिले. गुजरातेतील १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना नुसता दानधर्म पुरत नाही. म्हणून शेती आली, विणकाम आले, अंध मुलींसाठी ब्रेल आली, आणि छापखानाही आला.

त्या छापखान्यासाठीच त्यांचे अखेरचे काम होते. हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचा उद्योग त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आरंभिला. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरी काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये केडगावहून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविले होते मुक्तिसदनातल्याच स्त्रियांनी.