माळवदावरचा अँटेना

वाशीमहून हिंगोलीकडे निघालं की वाटेत विदर्भ सरतो आणि मराठवाडा लागतो. तिथंच कनेरगाव नाका आहे. एके काळी या बाजूला निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे इंग्रजी अमलातलं वऱ्हाड. गावाच्या नावातला 'नाका' त्या सरहद्दीची आठवण अजून सांगतो. माणसं, बैलगाड्या, माल, सगळं नाक्यावर थांबायचं. हवेतून येणाऱ्या लहरींना मात्र कुठल्याच नाक्यावर कोणी अडवू शकलं नाही. म्हणून दूरच्या केंद्राचं चित्र घरच्या टीव्हीवर पकडण्याच्या छंदाबद्दल लिहायचं ठरवलं, तेव्हा मला पहिल्यांदा हेच गाव आठवलं.

नकाशा समोर ठेवून बघा. कनेरगावपासून सरळ रेषेत मुंबई साधारण साडेचारशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास, नागपूर अडीचशे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पुण्यासाठी सिंहगडावर प्रक्षेपक बसला. हैदराबाद केंद्र 1977 मध्ये आलं. म्हणजे दोन्ही बाजूंना चित्रं हवेत होती आणि मधला हा सगळा पट्टा कोरडा होता. मुंबईकर 'चिमणराव' मालिकेवर हसत होते, तेव्हा मराठवाड्यातल्या मराठी माणसानं त्याचं फक्त नाव ऐकलेलं होतं.

कोरडेपणाचं कारण साधं आहे. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी तर वाकलेली. दीडशे मीटरचा मनोरा आणि घरावर तीस फुटांचा पोल धरला, तर दोघांची 'नजरभेट' साठ-पासष्ट किलोमीटरपर्यंतच होते. त्यापुढे लहर जमिनीपासून वर वर निघून जाते. उंच डोंगरावरच्या प्रक्षेपकाचा पल्ला थोडा जास्त. म्हैसमाळला आणि सिंहगडावर प्रक्षेपक बसवले ते याच हिशेबानं. पण डोंगर झाला तरी तीनशे किलोमीटर काही ओलांडून देत नाही.

तरीही चित्र यायचं. रोज नाही, पण यायचं.

पावसाळा सरला, आकाश निवळलं की रात्री जमीन झपाट्यानं गार होते. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावर उबदार हवेचा थर, अशी उलटी रचना तयार होते. सकाळी गावावरचा धूर वर न जाता आडवा पसरलेला दिसतो ना, तीच ही रचना. या दोन थरांच्या सीमेवर लहरी खाली वाकतात आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर शेकडो किलोमीटर जातात. नेहमी नुसत्या मुंग्या दाखवणारा टीव्ही अशा वेळी अचानक कुणाचा तरी चेहरा दाखवायचा. दिवाळीच्या आगेमागे हे दिवस सुरू होतात. हळहळ वाटते ती एकाच गोष्टीची. हा थर सगळ्यात भरात असतो पहाटे आणि दूरदर्शनचं प्रक्षेपण तेव्हा असायचं संध्याकाळचं. सकाळचे कार्यक्रम 1987 मध्ये आले. तोवर वर्षातल्या कितीतरी उत्तम पहाटा रिकाम्या गेल्या.

दुसरी तऱ्हा उन्हाळ्याची. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर आयनांबरात अधूनमधून दाट विद्युतभारित ढग तयार होतात. मे ते ऑगस्टमध्ये ते जास्त दिसतात. टीव्हीचा सगळ्यात खालचा पट्टा, म्हणजे 47 ते 68 मेगाहर्ट्झचा बँड वन, या ढगांवर आपटून परत जमिनीवर येतो आणि एका उडीत हजार ते दोन हजार किलोमीटर पार करतो. पडद्यावर परक्या लिपीतली अक्षरं उमटतात, दोन मिनिटं टिकतात आणि विरून जातात. जवळच्या केंद्राच्या चित्रावर दुसरंच चित्र तरंगताना दिसलं की लोक म्हणायचे, टीव्ही बिघडला. जाणकार घड्याळ बघून वहीत नोंद करायचा.

अशा शौकाला जगभर 'डीएक्सिंग' म्हणतात. 'डीएक्स' हा तारायंत्राच्या काळातला 'दूर' या अर्थाचा संक्षेप. रेडिओवाल्यांचा हा जुना नाद. दूरचं केंद्र ऐकायचं, तारीख, वेळ, कार्यक्रम लिहून केंद्राला कळवायचं आणि पोचपावतीचं कार्ड मिळवायचं. आकाशवाणीसुद्धा अशी कार्डं देत आली आहे. टीव्हीवाल्यांनी तेच चित्रावर आणलं. यातला सगळ्यात मौल्यवान ठेवा 1938 चा आहे. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून बीबीसीचं चित्र नोव्हेंबरात अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळ पोचलं. तिथल्या आरसीए कंपनीच्या इंजिनिअरांनी पडद्यासमोर कॅमेरा धरून ते टिपलं. महायुद्धाआधीच्या बीबीसीच्या थेट प्रक्षेपणाचं तेवढंच चित्रण आज शिल्लक आहे. लंडनमध्ये ज्याची नोंद राहिली नाही, ते दूरवरच्या माणसानं जपलं. या एका उदाहरणावरून मी या छंदाला पोरखेळ मानायला तयार नाही.

आपल्याकडेही असा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या रडारवर उन्हाळ्यात हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटायचे. अरबी समुद्रावरचा तो हवेचा थर म्हणजे लहरींसाठी जणू पाटाचं पाणीच. अमृतसरमध्ये तर उंच अँटेना लावून लाहोरचा टीव्ही बघणं रोजचंच होतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर 1982 नंतर श्रीलंकेची रूपवाहिनी दिसू लागली. खुद्द श्रीलंकेत लेखक आर्थर क्लार्क यांच्या कोलंबोतल्या घरी इस्रोनं मोठी डिश बसवून दिली होती. भारतातल्या खेड्यांसाठी एटीएस-6 या उपग्रहावरून 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर जे 'साइट' प्रक्षेपण चाललं, ते क्लार्क घरी बसून बघत. या प्रयोगात सहा राज्यांतली सुमारे 2400 गावं होती. त्यांचे संच हैदराबादच्या ईसीआयएलनं बनवले होते आणि डिशसाठी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वापरली होती. सोलापूरच्या शेजारच्या गुलबर्गा आणि विजापूर जिल्ह्यांतली गावं त्यात होती, महाराष्ट्रातलं एकही नव्हतं.

आता माळवदावर येऊ, कारण खरी विद्या तिथं होती. अँटेनाची मूळ रचना यागी आणि उडा या जपानी संशोधकांची, 1926 ची. आपल्याकडे तिला कुणी यागी म्हटलं नाही, 'काड्यांचा अँटेना' म्हटलं. मधली दुमडलेली काडी लहर पकडते, मागची लांब काडी परतवते, पुढच्या आखूड काड्या तिला वाट दाखवतात. काडीची लांबी लहरीच्या निम्मी. बँड वनसाठी ती अडीच-तीन मीटरच्या घरात जाते, त्याहून वरच्या बँड थ्रीसाठी पाऊण मीटर पुरते. म्हणून छपरावरच्या काड्या बघून त्या घराला कुठलं केंद्र हवं आहे ते रस्त्यावरून कळायचं. पुढच्या काड्या वाढवल्या की अँटेनाची नजर लांब जाते पण अरुंद होते. मग पोल बोटभर फिरला तरी चित्र जातं.

म्हणून एक जण वर, एक अंगणात, एक टीव्हीसमोर.

"दादा, आलं का?"

"मुंग्याच हायत. अजून जरा नांदेडकडं फिरीव!"

"आता?"

"थांब, थांब! गेलं. मागं घे!"

दिशा सांगायला अंश लागत नव्हते, गावांची नावं पुरत होती. चपटी वायर भिंतीला आणि पत्र्याला टेकू द्यायची नाही, बूस्टर पोलच्या टोकाशी बांधायचा, टीव्हीच्या मागं नाही, हेही लोक स्वतःच शिकले. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. वायरमध्ये क्षीण झालेला सिग्नल नंतर वाढवला तर मुंग्याही वाढतात. हे शिकायला कुणी कॉलेजात गेलं नव्हतं.

इन्सॅट-1बी 30 ऑगस्ट 1983 ला अवकाशात गेला आणि पुढच्या वर्षी देशात जवळपास रोज एक या वेगानं लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. शंभर वॉटचं केंद्र, पल्ला पंधरा-वीस किलोमीटर. 'रामायण' त्यावरच घराघरात गेलं. पण या केंद्रांवरून यायची दिल्ली. मराठी बघायची तर अँटेना लांबच्या केंद्राकडेच फिरवावा लागे, आणि माझ्या मते मराठवाड्यात हा नाद टिकला तो या ओढीनं. पुढे उपग्रहावर मराठी वाहिनी आली, तीच आजची सह्याद्री. मग पोल फिरवायची गरज सरली.

आज त्या छपरांवर छोट्या डिश आहेत. कनेरगावातून डीडी फ्री डिशचा उपग्रह, 93.5 अंश पूर्वेचा, आग्नेयेला क्षितिजापासून बरोबर साठ अंशांवर दिसतो. वर्षानुवर्षं डिश तिथंच रोखलेली असते. जमिनीवरचे जुने प्रक्षेपक दूरदर्शननं मार्च 2022 पर्यंत मोजके सोडून बंद केले. त्यांच्याबरोबर इथल्या हवेतली ती चित्रंही गेली. काड्या भंगारात अॅल्युमिनियमच्या भावानं विकल्या गेल्या.

लहरी वाकवणारी हवा मात्र तीच आहे. एफएम रेडिओ 88 ते 108 मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्यालाही हे थर वाकवतात. या दिवाळीत अभ्यंगस्नानाआधी, धुकं जमिनीवर असताना, रेडिओची काडी पूर्ण ओढून गच्चीवर जा. जवळच्या केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागा सावकाश धुंडाळा. अनोळखी आवाज लागला तर तारीख, वेळ, आकडा आणि ऐकलेलं वाक्य वहीत लिहा. आणि घरातल्या कुणाच्या जुन्या वहीत अशी टीव्हीची नोंद सापडली, तर ती रद्दीत देऊ नका.