जावा ॲप्लिकेशन सर्व्हरमधील दोषनिवारण

जावा ॲप्लिकेशन सर्व्हरमधील दोषनिवारण म्हणजे जावा भाषेतील मोठ्या संस्थात्मक आज्ञावल्या चालविणारा सर्व्हर मंदावल्यास, अडल्यास किंवा बंद पडल्यास त्याचे कारण शोधून ते दूर करण्याची पद्धती होय. वेबलॉजिक, वेबस्फिअर, वाइल्डफ्लाय आणि ग्लासफिश हे या वर्गातील परिचित सर्व्हर आहेत. टॉमकॅटचे कार्यक्षेत्र त्यांहून मर्यादित असले, तरी त्यातील दोषांचे स्वरूप बहुतांशी असेच असते.

पार्श्वभूमी

या सर्व्हरांसाठीचे मानक सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये जे२ईई या नावाने प्रसिद्ध केले. पुढे त्याचे नाव जावा ईई आणि २०१८ मध्ये जकार्ता ईई झाले. २०२० च्या जकार्ता ईई ९ या आवृत्तीत पॅकेजांच्या नावांचा आरंभ ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ असा करण्यात आला. त्यामुळे जुनी आज्ञावली बदल न करता नव्या सर्व्हरवर चढविल्यास आवश्यक क्लास सापडत नसल्याची त्रुटी येते.

‘सर्व्हर डाऊन’चा अर्थ

सर्वसामान्य नागरिकाची अशा दोषांशी गाठ ऑनलाइन अर्ज भरताना पडते. महाराष्ट्रात २०२३ च्या खरीप हंगामात एक रुपयात पीकविमा योजना लागू झाली आणि नोंदणीची मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरसारख्या कापूसउत्पादक तालुक्यात मुदतीत अर्ज न गेल्यास शेतकऱ्याचे त्या हंगामाचे विमासंरक्षण हुकते. पांढरकवडा या तालुक्याच्या मुख्यालयी सेवा केंद्राच्या पडद्यावर अर्ज अडला, की ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच सांगितले जाते. परंतु दोष स्थानिक इंटरनेट जोडणीत, मधल्या सर्व्हरमध्ये, ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये किंवा डेटाबेसमध्येही असू शकतो. पडद्यावरील क्रमांक पहिला संकेत देतो. ५०० हा सर्व्हरमधील अंतर्गत त्रुटी, ५०३ हा सेवा तात्पुरती अनुपलब्ध असल्याचे, तर ५०४ हा मधल्या सर्व्हरला मागून वेळेत उत्तर न आल्याचे दर्शवितो.

सामान्य दोष

थ्रेड संपणे : साधारणतः प्रत्येक विनंतीला एक थ्रेड लागतो. टॉमकॅटच्या मूळ मांडणीत त्यांची कमाल संख्या २०० असते. डेटाबेस मंदावल्यास सर्व थ्रेड उत्तराची वाट पाहत थांबतात. अशा वेळी प्रोसेसर जवळजवळ रिकामा असूनही सर्व्हर प्रतिसाद देत नाही.

कनेक्शनची गळती : डेटाबेसची कनेक्शने मर्यादित असून ती आळीपाळीने वापरली जातात. आज्ञावलीने काम झाल्यावर कनेक्शन परत न केल्यास साठा हळूहळू संपतो. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर काही काळ सुरळीत चालून पुन्हा अडणे, हे या दोषाचे एक लक्षण आहे.

मेमरी संपणे : त्रुटीच्या संदेशात मेमरीचा कोणता भाग संपला ते नमूद असते. हीप भरला असल्यास आज्ञावलीतील वस्तू, तर मेटास्पेस भरला असल्यास क्लासची माहिती साचलेली असते. मेटास्पेस २०१४ च्या जावा ८ पासून आला.

पुराव्याचे जतन

सर्व्हर पुन्हा सुरू केल्याने सेवा पूर्ववत होते, परंतु मेमरीतील पुरावा नष्ट होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून त्यापूर्वी जेस्टॅक या साधनाने काही सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप घ्यावेत. तिन्हींत तेच थ्रेड त्याच ओळीवर अडलेले दिसल्यास शोधाची दिशा मिळते. हीप डंप जेमॅपने घेता येतो. मात्र त्या वेळी सर्व्हर काही काळ थांबतो आणि त्या फाइलमध्ये अर्जदारांची खासगी माहितीही येऊ शकते. म्हणून ती जपून हाताळणे आवश्यक असते. लॉगमध्ये एका त्रुटीखाली अनेक कारणांची साखळी असल्यास मूळ कारण बहुधा सर्वांत शेवटी आढळते.

प्रतिबंध

डेटाबेसच्या प्रत्येक प्रश्नाला कालमर्यादा घालणे, मेमरी संपताच हीप डंप आपोआप घेण्याची सोय आधीच करून ठेवणे आणि मुदतीच्या अखेरीस होणाऱ्या गर्दीएवढ्या भाराची चाचणी पूर्वीच घेणे, हे प्रमुख प्रतिबंधक उपाय होत.