टकटक ऐकू येते तोवर

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या एका शेतकऱ्याच्या कुरणात शनिवारी सकाळी पाहावं तर निम्म्या गाड्यांखालून कुणाचे तरी पाय बाहेर आलेले असतात. जुन्या फोक्सवॅगन कॅम्परच्या मालकांच्या क्लबचा हा मेळावा. रंगीबेरंगी गाड्या, फुलाफुलांचे पडदे, संध्याकाळची शेगडी हे सगळं इथे असतंच. पण सकाळी चहाच्या आधी टॅपेट. रात्रभरात इंजिन पुरतं थंड झालेलं असतं आणि या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, थंड असतानाच सेट करायचे असतात.

माझी गाडी सत्तरच्या दशकातली, समोर एकच मोठी बाकदार काच असलेली. इंजिन मागे, १६०० सीसीचं, ताकद जेमतेम ५० अश्वशक्ती. चार सिलिंडर दोन-दोन करून आडवे झोपवलेले. थंड ठेवायला रेडिएटर नाही, पाणी नाही. पंख्याचा वारा आणि ऑइल यांच्यावरच सगळी भिस्त.

पाठीखाली जुनी सतरंजी टाकून आत सरकायचं. रॉकर कव्हर एका जाड तारेच्या कडीने आवळलेलं असतं. स्क्रूड्रायव्हरने कडी खाली ढकलली की कव्हर सुटतं आणि ऑइलचा ओघळ मनगटावरून थेट बाहीत जातो. त्याआधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून रोटर पहिल्या सिलिंडरच्या खुणेवर आणलेला असतो. आता फीलर गेजची ०.१५ मिलिमीटरची पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधे घालायची. ती सैल जाऊन चालत नाही, अडकूनही चालत नाही. बंद वहीतून मोरपीस ओढावं तशी किंचित धरून सरकली पाहिजे. तेरा नंबरच्या पान्याने नट ढिला करायचा, मधला स्क्रू केसभर फिरवायचा, नट पुन्हा आवळायचा. आवळताना स्क्रू हमखास फिरतो, म्हणून परत मोजायचं. असे आठ व्हॉल्व्ह. एक सिलिंडर झाला की पुली अर्धा फेरा उलटी फिरवायची, म्हणजे दुसरा, तिसरा, चौथा असे ओळीने हाताशी येतात.

शेजारच्या गाडीतले आजोबा, आयुष्यभर बसगाड्यांची इंजिनं उघडलेले, हातात मग घेऊन उभे असतात. ते पान्याला हात लावत नाहीत. फक्त म्हणतात, "पुन्हा मोज." नवख्याला वाटतं, टकटक आवाज येतोय म्हणजे बिघाड; आवाज बंद केला की काम झालं. प्रत्यक्षात उलटं आहे. फट थोडी जास्त राहिली तर नुसती टकटक होते. कमी झाली तर व्हॉल्व्ह आपल्या जागी पुरता टेकत नाही, त्याची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. तोही काही न बोलता. त्यामुळे या मंडळींत टकटकणाऱ्या व्हॉल्व्हची काळजी कुणी करत नाही. गप्प झालेल्याची करतात.

ही गाडी मुळात सहलीसाठी जन्मलीच नाही. बेन पॉन हा फोक्सवॅगनचा डच आयातदार. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात सामान वाहायला कामगारांनी जुळवलेली एक सपाट गाडी त्याने पाहिली आणि १९४७च्या एप्रिलमध्ये वहीत एक पेटीवजा आकृती काढली. १९५०मध्ये मालवाहू व्हॅन बाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात पलंग आणि कपाटं बसवली. इंग्लंडात सिडमथच्या डेव्हन कंपनीने १९५६पासून हेच केलं. पुढे हिप्पी मंडळी या गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत थेट गोव्याला पोचली. १९७९मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता मिटला.

सुख कशात आहे, ते संध्याकाळी कळतं. छताच्या पट्ट्या सोडून ते वर ढकललं की सरळ उभं राहता येतं. मागचं बाकडं ओढून पाडलं की पलंग होतो. पण आधी त्यावरच्या पिशव्या पुढच्या सीटवर न्याव्या लागतात, आणि चहा करायचा तर त्यातली एक पुन्हा मागे. दोन बर्नरवर एकीकडे पिठलं, दुसरीकडे भात. पावसात सगळी दारं बंद करून स्वयंपाक करायचा मोह होतो, तो करायचा नाही: काच बोटभर उघडी हवीच, आणि ऊब मिळावी म्हणून गॅस पेटता ठेवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म क्लबचे लोक नव्या माणसाला आधी दाखवायला लावतात, गाडीची तारीफ नंतर करतात.

पेट्रोलच्या रबरी नळ्यांचंही तसंच. सप्टेंबर २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या जातीचं रबर त्याने चिरतं, आणि पेट्रोलचा थेंब गरम इंजिनावर पडला तर गाडी पेटते. मेळाव्यात कुणी ना कुणी नव्या नळीचं भेंडोळं घेऊन येतो; लागेल तेवढी कापून घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. चाळीस वर्षांवरच्या, फारसा फेरफार न केलेल्या गाडीला इथे रोड टॅक्स लागत नाही आणि २०१८पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. सरकारने विचारणं सोडलं आहे, क्लबने नाही. "नळ्या कधी बदलल्यास?" हा इथला रामराम.

रस्त्यावर ताशी ऐंशी किलोमीटर म्हणजे आमची चैन. ट्रक मागे टाकून जातात. स्नेक पास घाटाच्या चढावर मागे रांग लागली की बाजूला घेऊन सगळ्यांना वाट द्यायची. समोरून दुसरी कॅम्पर आली की दोन्हीकडून हात वर होतो. ओळखीची गरज नसते, कारण तिच्या मालकाच्या बाहीलाही ऑइल लागलेलं असणार.

कुणी विचारतं, अशी गाडी घ्यावी का? मी म्हणतो, आधी क्लबचे सभासद व्हा, गाडी नंतर बघा. जाहिरातीतल्या फोटोत रंग दिसतो. चाकांवरच्या कमानी, दारांखालचे पत्रे आणि जॅक लावायच्या जागा फोटोत येत नाहीत, आणि गंज तिथेच असतो. तिथे पुट्टी भरली असेल तर लोहचुंबक चिकटत नाही. खिशात चुंबक घेऊन परक्याच्या गाडीखाली चिखलात पाठ टेकणारा आणि बाहेर येऊन "नको घेऊस" असं तोंडावर सांगणारा माणूस वर्षाच्या वर्गणीत मिळतो. या सगळ्या व्यवहारातली तेवढी एकच वस्तू स्वस्त आहे.