‘मशीन नको’ एवढेच लिहून भागत नाही

‘माझी वेळ आली की मला मशीनवर ठेवू नका,’ असे घरातली वडीलधारी माणसे सहज बोलून जातात. ऐकणारे ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणून विषय बदलतात. पुढे खरोखर वेळ येते तेव्हा रुग्ण बोलू शकत नाही आणि ज्याचा आवाज मोठा, त्याचा निर्णय चालतो. हे टळावे म्हणून कायद्याने एक कागद मान्य केला आहे. तो म्हणजे ‘लिव्हिंग विल’, वैद्यकीय इच्छापत्र. मालमत्तेचे मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे इच्छापत्र माणूस जिवंत असताना, पण स्वतःचा निर्णय सांगण्याच्या स्थितीत नसताना कामी येते.

या कायद्याची सुरुवात मुंबईतल्या एका प्रकरणाशी जोडलेली आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, निरुपयोगी उपचार थांबवता येतील असे म्हटले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची किचकट पद्धत सोपी केली. इंजेक्शन देऊन जीव घेणे मात्र आजही गुन्हाच आहे.

हे सगळे मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांपुरते आहे, असे वाटू शकते. पण जव्हार-मोखाड्यासारख्या भागात हा कागद अधिक विचारपूर्वक लिहावा लागतो. सर्पदंशाचेच पाहा. मण्यार चावल्यावर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. प्रतिविष आणि काही दिवस व्हेंटिलेटर मिळाला, तर तोच माणूस चालत घरी जाऊ शकतो. ‘मला कधीही व्हेंटिलेटर लावू नये’ असे सरसकट लिहिले, तर नातेवाइकांचा गोंधळ होईल आणि वाचणारा जीव जाईल. म्हणून इच्छापत्रात यंत्राचे नाव लिहिण्याआधी परिस्थिती लिहावी: ‘आजार बरा होण्याची आशा नाही, मी शुद्धीवर येण्याची शक्यता नाही, असे डॉक्टरांच्या मंडळाने ठरवले तर…’ कायद्यालाही हेच अपेक्षित आहे. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ मत देते. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ ते तपासते. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे अपेक्षित आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्यात ग्रामीण रुग्णालय आहे; पण अत्यवस्थ रुग्णाला बहुधा नाशिक किंवा ठाण्याकडे हलवावे लागते. त्यामुळे इथला खरा प्रश्न व्हेंटिलेटर काढायचा का, हा नसतो. पुढे न्यायचे का, हा असतो. अपघात, सर्पदंश, बाळंतपणातील गुंतागुंत, न्यूमोनिया यांत न्यायलाच हवे. पण शरीरभर पसरलेल्या कर्करोगाच्या शेवटच्या आठवड्यात घाटातला प्रवास, कर्ज आणि अनोळखी वॉर्डातला मृत्यू, यांपैकी काय पत्करायचे हे रुग्णाने आधीच सांगितलेले बरे. शुद्धीवर असलेला रुग्ण स्वतः उपचार नाकारू शकतो. त्याला कुठल्याही मंडळाची गरज नाही.

‘नको’ काय, हे लिहिताना ‘हवे’ काय, हेही लिहावे. वेदना कमी करणारे औषध हवे, दम लागला तर आराम हवा, पाठीला जखमा होऊ नयेत, तोंड ओले राहावे, शेवटी घरी असावे. याला उपशामक सेवा म्हणतात. मॉर्फीनच्या गोळीने कर्करोगाची तीव्र वेदनाही बहुतेकदा आटोक्यात येते. इच्छापत्राचा अर्थ ‘उपचार बंद’ असा कुणी घेऊ नये. गरीब रुग्णाला टाळण्यासाठी तर त्याचा वापर मुळीच होता कामा नये.

करायचे कसे? वय १८ पूर्ण आणि मन सुदृढ असावे. मराठीत, साध्या कागदावर लिहिले तरी चालते. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्यावे, वाचून घ्यावे आणि अंगठा द्यावा. दोन साक्षीदार असावेत, शक्यतो घराबाहेरचे. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करावे. आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावे त्यात असावीत. त्यांना, नेहमीच्या डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याला एकेक प्रत द्यावी. ट्रंकेत कुलूपबंद ठेवलेला कागद रुग्णवाहिका दारात आल्यावर सापडत नाही.

नावे निवडताना आपल्या भागाचे वास्तव लक्षात घ्यावे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर भिवंडी, वसई, नाशिककडे जातात. ज्या मुलाचे नाव लिहिले, तोच नेमका बाहेर असतो आणि त्याचा मोबाइल नंबरही बदललेला असतो. म्हणून किमान दोन नावे द्यावीत आणि त्यांतले एक बारमाही गावात राहणाऱ्याचे असावे.

हा कागद एकदा करून विसरायचा नाही. तो केव्हाही लेखी बदलता किंवा रद्द करता येतो. एकाहून अधिक असतील तर शेवटी सही केलेला धरला जातो. नवा आजार कळला, नाव दिलेली व्यक्ती वारली, घरात वाटण्या झाल्या किंवा आपलेच मत बदलले, तर नवा करावा आणि जुन्या प्रती परत घ्याव्यात. चाळिशीत लिहिलेले सत्तरीत पटेलच असे नाही. पावसाआधी कामावर गेलेली माणसे शेतीसाठी घरी परततात. तेव्हा एका संध्याकाळी सगळ्यांसमोर हा कागद वाचावा. घरच्यांना आपले म्हणणे आपल्याच तोंडून ऐकायला मिळाले, तर पुढे निर्णय घेताना त्यांच्या मनावरचे ओझे हलके होते.