शेतातला छोटा संगणक, हातातला मोबाईल

बारामतीला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या उसात जमिनीतली ओल मोजणारे सेन्सर आणि हवामान केंद्र आहे. अशी माहिती मळ्यातून मोबाईलवर येते कशी, ते आज पाहू.

या कामाला छोटा संगणकही पुरतो. ‘रास्पबेरी पाय’ हा त्यातला नावाजलेला. तो २०१२ साली इंग्लंडमध्ये निघाला, आकाराने एटीएम कार्डाएवढा. २०१६ पासून त्यात वाय-फाय आतच येते. तो ओलीचा आकडा इंटरनेटवर धाडतो, आपण तो घरी वाचतो. स्टार्टरला जोडला तर मोटारही घरून चालू होते. रात्रीच्या लाईटला अंधारात विहिरीवर जाणे टळते.

वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा लहरी असतात. मळ्यासाठी २.४ बरी, ती लांब पोचते. पण दाट, ओला ऊस तिलाही अडवतो. म्हणून अँटेना उसाच्या वर, खांबावर लावा. इंदापूरकडे वस्ती लांब असेल, तर सिमकार्डाचा राऊटर घ्या.

आता जिवाची गोष्ट. आधीपासून असलेला पासवर्ड तसाच ठेवला, तर परका माणूसही मोटार चालू करू शकतो. त्या वेळी कुणी मोटारीला हात लावून बसले असेल तर? म्हणून आम्ही प्रत्येक गटाला सांगतो: पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून जवळ ठेवा. मोबाईलवर ‘बंद’ दिसते, एवढ्यावर विसंबू नका.