गोटुल: ऐकीव गोष्टी आणि खरं गाव

गोंड गावांतल्या तरुणांच्या सामायिक घराचा, म्हणजे गोटुलचा विषय निघाला की शहरातली माणसं हमखास एकच गोष्ट सांगतात: तिथं म्हणे पोरं-पोरी रात्रभर एकत्र राहतात आणि गाव डोळेझाक करतं. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गोंडांच्या गावांबद्दल हे साफ चुकीचं आहे. माडियांच्या गोटुलात रात्री झोपतात ते बिनलग्नाचे मुलगे आणि परगावाहून आलेले पुरुष पाहुणे. मुली संध्याकाळी रेला नाचायला, गायला येतात आणि नाच आटोपला की झोपायला आपापल्या घरी जातात.

मग ही गोष्ट आली कुठून? व्हेरियर एल्विन यांनी १९४७ साली मुरिया गोंडांच्या घोटुलवर मोठा ग्रंथ लिहिला. मुरिया राहतात बस्तरातल्या नारायणपूर-कोंडागाव भागात. त्यांच्या घोटुलात चेलिक आणि मोटियारी, म्हणजे मुलगे आणि मुली, एकत्र झोपत हे खरं. पण सरपण आणणं, झाडलोट, गावातल्या लग्नकार्यात राबणं, चुकलं तर दंड, ही घोटुलची कडक शिस्तही एल्विन यांनी तितक्याच बारकाईनं लिहिली आहे. लोकांनी त्यातली झोपण्याची गोष्ट तेवढी उचलली आणि ती सगळ्या गोंडांना चिकटवली. एका समाजाच्या लेकींबद्दल वर्षानुवर्षं असं बोललं जावं, याचा मला मनापासून राग येतो.

नाचात कुणीही कुणाशी जमवावं, असंही नसतं. गोंडांत चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी कुळांची विभागणी असते. सारख्याच संख्येचे देव मानणारी माणसं भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मामा-आत्याच्या मुलांशी लग्न मात्र चालतं. त्यामुळे रेल्याच्या रांगेत एकमेकांना धरून पावलं टाकणाऱ्या पोरापोरींना भाऊबंद कोण आणि सोयरे कोण हे लहानपणापासून ठाऊक असतं. पसंती, चेष्टामस्करी सगळं तिथं होतं, पण ते या चौकटीत. 

नाचांबद्दलही अशीच गल्लत होते: रानगव्याची शिंगं डोक्यावर घालून होणारा नाच गडचिरोलीचा म्हणून सांगितला जातो. तो दक्षिण बस्तरातल्या दंडामी माडियांचा. चंद्रपूरकडे तर चित्र आणखी वेगळं. जिवती, राजुऱ्याच्या राजगोंडांत गोटुल नाहीच. तिथं दिवाळीच्या दिवसांत दंडारी ही नाचणाऱ्यांची टोळी निघते. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचे पुढे असतात, गावाची टोळी दुसऱ्या गावी पाहुणी जाते आणि त्या मुक्कामात सोयरिकीच्या गोष्टीही निघतात.

गोटुल आता इतिहासजमा झालं, हा समजही गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावानं खोटा ठरवला. १९८०च्या दशकात गावकऱ्यांनी परंपरेप्रमाणे सागवानी लाकडाचं गोटुल उभारलं. वनखात्यानं ते मोडलं. गावानं पुन्हा बांधलं, आणि आसपासच्या गावांनीही निषेध म्हणून आपापली गोटुलं उभी केली. याच मेंढ्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी ते एक. आपल्या जंगलाचे निर्णय गाव ग्रामसभेत एकमतानं घेतं, आणि ती सभा गोटुलात भरते.